आधीचा फोटो

गेली अकरा वर्षं मी सोलापुरात गरिबांना उद्योजक बनवण्याची नोकरी करतो. उद्योजकतेवर मी तासभर न थांबता बोलू शकतो. स्वतः मात्र कधी पानाची टपरीही चालवलेली नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

सात रस्त्याजवळ आमच्या संस्थेचं ऑफिस आहे. मागच्या गल्लीत एक अक्का कडक भाकरी करून विकतात. मी पोचलो तेव्हा त्यांचा धंदा उभाच होता. हाताखाली चार बायका, भिंतीला पांढऱ्या टाइल्स, गॅसच्या शेगड्या. मी तीन दिवसांचं प्रशिक्षण दिलं, त्यात 'मूल्यसाखळी' हा शब्द शिकवला. अक्कांनी समजुतीनं मान हलवली. तेवढ्यावर त्या आमची यशोगाथा ठरल्या.

यशोगाथेला दोन फोटो लागतात, आधीचा आणि नंतरचा. आधी मी तिथं नव्हतोच, तर आधीचा आणणार कुठून? मुख्यालयातून रोज विचारणा व्हायला लागली, तसा मी अक्कांच्या मागं लागलो. शेजारणीची विटकी साडी उसनी आणली, परसातल्या पडक्या खोलीत तीन दगडांची चूल मांडली. तव्याच्या बुडाची काजळी मी स्वतः भिंतीला फासली. अक्कांना हसू आवरेना.

"साहेब, गरीब व्हायला लई सामान लागतंय की."

फोटो इतका चांगला आला की पुस्तिकेच्या पहिल्या पानावर गेला.

पुढं पुण्यातल्या मोठ्या दुकानांसाठी माल घेणारे एक अधिकारी आमच्या ऑफिसात आले. त्यांची कायमची ऑर्डर मिळणार, या भरवशावर अक्कांनी आणखी सहा बायकांना कामाचा शब्द दिला होता. अक्का स्वतः भाकरी घेऊन आल्या होत्या. अधिकाऱ्यांनी ती मोडून खाल्ली, खूश झाले. मग मीच अभिमानानं पुस्तिका पुढं सरकवली. त्यांची नजर त्या काजळीवर अडकली. माल इथंच होतो का, असं त्यांनी विचारलं. अक्का म्हणाल्या, हे खोटं हाय, फोटोपुरतं केलेलं. आणि माझ्याकडं पाहू लागल्या.

मी नुसतं "हो" म्हणायचं होतं. पण मुख्यालयातले वरिष्ठ शेजारी बसले होते.

"ते पूर्वीचं आहे, सर," मी म्हणालो. "आमच्या संस्थेमुळं फार बदल झालाय."

एकाच स्वयंपाकघराबद्दल दोघं दोन गोष्टी सांगतात म्हटल्यावर त्यांनी पुस्तिका मिटली. कळवतो म्हणाले. अजून कळवायचंय. वरिष्ठांनी जाताना माझ्या सादरीकरणाचं कौतुक केलं.

चार दिवसांनी मी माफी मागायला गेलो. अक्कांनी आधी भाकरी आणि शेंगाचटणी पुढं ठेवली. माझी माफी ऐकून घेतली. मग चप्पल पायात घालत म्हणाल्या, "त्या सहा जणींना तुमीच सांगा, काम न्हाय म्हणून. मला तोंड न्हाय."

मी त्यांच्या मागून निघालो. पहिल्याच घरात तीन दगडांची चूल होती आणि भिंत काळीकुट्ट. ती कुणी फासलेली नव्हती. चुलीपुढची बाई मला पाहून उठली, पदर सारखा केला.

"फोटो काढायचाय व्हय, साहेब?"