बेंबळीच्या माळावरची दुर्बीण

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी दुर्बीण घेतली आणि पौषात रोज तिन्हीसांजेला बेंबळीच्या माळावर चंद्र, शुक्र, गुरू पाहू लागलो. शेळ्या घेऊन परतणारी एक बाई थांबायची. डावा डोळा लावून म्हणायची, "गुरुजी, धुकं हाय." मी काच पुसायचो. चार दिवस पुसली. पाचव्या दिवशी तिला उजवा डोळा लावायला सांगितला. अंधुक का होईना, चंद्र दिसला.

"म्हंजी धुकं माझ्याच डोळ्यात हाय व्हय," ती शांतपणे म्हणाली.

मोतीबिंदू निघाला. ऑपरेशन झालं. माघाची चंद्रकोर दिसली त्या संध्याकाळी ती आली. डाव्या डोळ्यानं चंद्र सावकाश पाहिला, मग माझ्याकडं वळली.

"तुमी तर पार म्हातारे हाय की. म्या तरणं समजत होते."

मी दुर्बीण गुरूकडं वळवली.