तीन बोटांचं मत

टोपणनाव ठेवताना चिम्बोते बंदरात कुणी कुणाची गय करत नाही. सोराइदा अल्बुहारच्या डाव्या हाताला अंगठा धरून तीनच बोटं उरली, तेव्हा गल्लीने तिला आठवड्याच्या आत 'तेनेदोर' करून टाकलं. तेनेदोर म्हणजे जेवायचा काटा. दुसरी एखादी असती तर रडली असती, दारं वाजवत भांडत फिरली असती. सोराइदाने ते नाव उचललं आणि तेओफिलोमामाच्या कॅबिनातल्या गेममध्ये स्वतःला लावून घेतलं. त्याला आता अकरा वर्षं झाली. तिथे जो कोणी मरतो, त्याच्या पडद्यावर अक्षरं येतात: तुम्हाला तेनेदोरने मारलं.

बोटं गेली ती डबाबंद माशांच्या कारखान्यात, झाकणं दाबणाऱ्या यंत्राखाली. करंगळी आणि तिच्या शेजारचं. 'आता घरी बसा, आराम करा' असं गोड बोलून कारखाना तिला वाटेला लावायच्या बेतात होता. ती तक्रारअर्ज टाइप करून घ्यायला कॅबिनात आली. कॅबिन म्हणजे आठ कॉम्प्युटरांची लांबट खोली, भाडं तासाला एक सोल. दार उघडलं की बाहेरून मासळीच्या भुकटीचा वास आणि लावलं की आतल्यांच्या घामाचा. अर्ज छापून निघेपर्यंत ती शेजारच्या रिकाम्या खुर्चीत टेकली. समोर पडद्यावर एक बंदूक होती. कागद निघून थंड झाला तरी बाई उठेना. त्या अर्जाने नोकरी परत मिळाली, चौथ्या महिन्यात ती पुन्हा बोनितो मासा सोलायच्या टेबलाशी उभी राहिली. पण त्या चार महिन्यांत तिला वेड लागायचं वाचलं ते त्या गेममुळे, हे ती कुणालाही तोंडावर सांगते.

गेमचं इंग्रजी नाव लांबलचक. इथे सगळे त्याला ओर्बिता म्हणतात. गुरूच्या एका चंद्राभोवती फिरणारं मोडकं अवकाशस्थानक, त्यात घुसलेले शत्रू आणि आपल्या डोळ्यांसमोर आपलीच बंदूक. आठ जण एकाच खोलीत बसून एकमेकांना मारू शकायचे आणि मारल्यावर मागे वळून शिव्याही देऊ शकायचे. त्यात एक साधी सोय होती. कोणतं काम कोणत्या बटणावर, ते ज्याचं त्याने ठरवायचं. पळायचं बटण आणि वाकायचं बटण सगळं जग करंगळीने दाबतं. सोराइदाने एक अंगठ्याखाली आणलं, दुसरं माउसच्या कडेला नेलं आणि पुढच्या महिन्यापासून पोरांची झोप उडवली.

जाहीर झाल्यापासून सात वर्षं वाट बघायला लावून ओर्बिता दोन आला.

पहिल्याच दुपारी कॅबिनात जत्रा. मोटोटॅक्सी चालवणारा येफरसन खुर्चीवरून अर्धा उठून ओरडत होता, "वजन बघ बंदुकीचं! हात दुखतो रे उचलताना!" गणिताचे आबान्तो मास्तर जाड चष्मा पडद्याला टेकवून म्हणत होते, "हवेतली धूळ बघा. त्या धुळीची सावली पडते. सावली!" एकाला गोष्ट आवडली, एकाला संगीत, एकाला शत्रूंचे नवीन चेहरे. पहिला भाग आता म्हाताऱ्यांचा, असंही कुणीतरी म्हणून टाकलं.

सोराइदा कारखान्यातून सुटून आली. बसली. गेम सुरू करायच्या आधी तिने सेटिंग उघडलं. बटणांची यादी होती. पण सगळी फिकट राखाडी. दाबलं तरी हलेना, बदलेना. पळणं शिफ्टवर, वाकणं कंट्रोलवर, दोन्ही कीबोर्डच्या पार डाव्या कोपऱ्यात, करंगळीच्या गावी. तिने तीनदा बंद करून तीनदा उघडलं.

"भिकार गेम आहे," ती म्हणाली.

"मावशी, गेमचं काय चुकलं त्यात?" येफरसन म्हणाला. तो मनाने वाईट नाही, फक्त त्याचं तोंड त्याच्या गाडीसारखं, ब्रेक नसलेलं. "बोटं तुझी कमी आहेत."

"बोटं अकरा वर्षं कमी आहेत. त्या अकरा वर्षांत तू माझ्या हातून किती वेळा मेलास ते मोज, आणि मग बोल."

पोरं हसली. पण प्रश्न हसण्यावारी जाणारा नव्हता. तेओफिलोमामाचे कॉम्प्युटर त्याच्या गुडघ्यांइतकेच जुने. त्यांत फुटबॉलच्या गेमबरोबर दोन्ही ओर्बिता मावत नव्हते. मामाने फुटबॉल काढून दोन यंत्रांवर नवा भाग तात्पुरता बसवला होता. आता एक ठेवायचा आणि दुसरा आठही यंत्रांवरून पुसायचा. जुना पुसला की सोराइदाचा खेळ संपला. घरी कॉम्प्युटर नाही, शहरातल्या बाकीच्या कॅबिनांनी जुना भाग कधीच काढून टाकलेला. सेहेचाळीसाव्या वर्षी तेनेदोर हे नाव फक्त तिच्या हाताचं उरणार होतं.

अशा तंट्यांसाठी कॅबिनाचा एक कायदा आहे. पूर्वी एकदा एका गेमवरून दोन चुलतभावांनी एकमेकांची डोकी फोडली, तेव्हा मामाने तो केला. निकाल शनिवारी दुपारी. आणि ज्याने गेम शेवटपर्यंत खेळला त्यालाच तोंड उघडायचा हक्क. न संपवता मत दिलं की महिनाभर खुर्ची मिळणार नाही. संपवला की नाही, हे कुणी तपासत नसे. माणूस 'संपवला' म्हणाला की संपवला.

"म्हणजे तुझं मत नाहीच," येफरसन तिला म्हणाला. "तू कशी संपवणार?"

हे वाक्य त्याने बोलायला नको होतं. सोराइदा त्याच्याकडे बघून म्हणाली, "दोन शनिवार दे, मामा."

मग ती रोज तीनला सुटून, हाताचा माशाचा वास लिंबाने घासून, पाच नंबरच्या यंत्रावर बसू लागली. पळता येत नव्हतं, म्हणून ती चालली. जिथे सगळे धावत सुटतात, गोळ्या चुकवत, भिंतीआड दडत, तिथे ही बाई बाजाराला निघाल्यासारखी चालत जायची आणि मरायची. परत उठायची, कोणता शत्रू कोणत्या दारातून कधी येतो ते पाठ करायची आणि तो यायच्या आधीच दारावर नेम धरून उभी राहायची. कीबोर्ड तिरका करून पाहिला, तळहाताची कड शिफ्टवर दाबून पाहिली. मनगट सुजलं, तेव्हा सोडून दिलं. हवेच्या नळ्यांतून वाकून जावं लागे, तिथे माउस सोडून उजवा हात कंट्रोलवर न्यायची आणि आंधळ्यासारखी सरकत पुढे जायची. सातव्या प्रकरणातली एक नळी पार करायला तिला चार दिवस लागले. चौथ्या दिवशी ती कीबोर्डवर थुंकणारच होती, पण कीबोर्ड मामाचा होता.

"मावशी अंतराळात हवा खायला गेल्यात," मागून येफरसन म्हणायचा. "येताना पाव घेऊन या!"

"तुला प्रेत म्हणून घेऊन येते, थांब."

तो स्वतः म्हणे चार दिवसांतच गेम संपवून मोकळा झाला होता. मास्तरांनीही संपवला. बघता बघता नऊ जणांनी संपवला. दोन यंत्रं, त्यातलं एक रोज दुपारभर सोराइदाच्या ताब्यात, आणि तरी नऊ जणांनी! तिच्या मनात तेव्हाच पाल चुकचुकायला हवी होती. पण तिला स्वतःच्याच मरणांतून सवड नव्हती.

दुसरा शनिवार आला. मामाने दारावरची पाटी पुसली, खडू घेतला, टेबलावर भाजलेल्या मक्याच्या दाण्यांची परात ठेवली. निकाल रिकाम्या पोटी लावायचा नाही, हेही कायद्यातच आहे.

मतं सुरू झाली. येफरसन म्हणाला, असा शेवट जन्मात पाहिला नाही, अख्खं स्थानक फुटतं आणि पडदा पांढरा होतो, अंगावर काटा येतो. मास्तर म्हणाले, तो शेवटचा स्फोट म्हणजे कळस, त्यानंतरची शांतता म्हणजे कला. तिसरा म्हणाला स्फोट. चौथाही स्फोट. नऊ जणांनी नऊ वेळा तोच स्फोट फोडला. सोराइदा दाणे खात ऐकत होती. नववा संपला तेव्हा तिने हात झटकले.

"आणि स्फोटानंतर?" तिने विचारलं.

"नंतर काय? नावं येतात. संपला," येफरसन म्हणाला.

"नावं येऊन गेल्यावर?"

मास्तरांनी चष्मा काढून पुसायला घेतला, आणि चष्मा अगदी स्वच्छ होता.

"नावांनंतर अजून पाव तासाचा खेळ आहे," सोराइदा म्हणाली. "कुणाला माहीत आहे का तो?"

"काहीतरीच!" येफरसन म्हणाला. "मी बघितलाय शेवट." बघितलाय हा शब्द तोंडातून गेला आणि त्याचे कान लाल झाले.

मास्तरांनी आधी शरणागती पत्करली. वह्या तपासायच्या होत्या, वेळ नव्हता, पाचवं प्रकरण फार अवघड, म्हणून इंटरनेटवर कुण्या माणसाने टाकलेला शेवटाचा व्हिडिओ त्यांनी पाहिला. मग एकेक करून सगळे. नऊ जणांनी तोच एक व्हिडिओ पाहिला होता, आणि तो टाकणाऱ्या महाभागाने नावं सुरू होताच तोडला होता. उंटावरून शेळ्या हाकणारे नऊ, आणि उंट एकच! तेओफिलोमामा इतका हसला की त्याला खोकल्याची उबळ आली.

पण येफरसन हटणारा नव्हता. "कशावरून? मावशी बाता मारत असेल."

सोराइदाने पाच नंबरवर जाऊन आपला सेव्ह केलेला खेळ उघडला आणि खुर्चीवरून उठली. "बस. तूच खेळ."

तो बसला. पडदा पांढऱ्याचा काळा झाला, काळ्यातून उजळला. स्थानकाचा एक तुकडा उरला होता. हातात बंदूक नाही. अवकाशपोशाख फाटलेला, कानात फक्त आपलाच श्वास. त्याच बोळांतून, जिथे दोन आठवडे गोळ्या झाडल्या होत्या, आता टोकापर्यंत जाऊन एक दिवा बंद करायचा होता. येफरसनची करंगळी आपसूक शिफ्टवर गेली. पडद्यावरच्या माणसाचा वेग वाढेना. त्याने पुन्हा दाबलं, जोरात दाबलं.

"हा पळत का नाही?"

"पळता येत नाही."

"बटण बिघडलंय, मामा!"

"बटण धड आहे," सोराइदा म्हणाली. "या पाव तासात कुणालाच पळता येत नाही आणि वाकता येत नाही. मी बारा प्रकरणं अशीच आले, येफरसन. तुला पाव तासच चालायचंय. चाल."

येफरसनने करंगळी उचलली आणि चालू लागला. सोराइदा त्याच्या मागे उभी होती, खुर्चीच्या पाठीवर तीन बोटं टेकून. तिला तो भाग आवडला होता, फार आवडला होता, पहिल्या वेळी तर ती त्या बोळात चक्क रडली होती, आणि हे तिला कबूल करायचं नव्हतं म्हणून ती कपाळाला आठ्या घालून बघत होती.

"कायद्याप्रमाणे मत एकच उरलं," मामा हळूच म्हणाला. "सोराइदा, काय लिहू?"

"लिही, गेम फार चांगला आहे. बंदुकीला वजन आहे, धुळीला सावली आहे, मास्तर खोटं नाही बोलले. शेवट तर असा आहे की पहिल्या भागाला तो जन्मात जमला नसता."

"मग ठेवायचा?" मास्तर आशेने पुढे झाले.

"पुसायचा. आठही यंत्रांवर जुना राहील."

मग जो गलका झाला! चांगला म्हणतेस आणि पुसतेस? डोकं फिरलंय का? आमचं काय? सोराइदाने तो सगळा ऐकून घेतला. ओरडणारे दमले तेव्हा ती म्हणाली, "धुळीच्या कणाकणाला सावली द्यायला गेम बनवणाऱ्यांकडे वेळ होता. एक बटण मोकळं सोडायला नव्हता. त्यांनी मला मोजलं नाही. आज इथे मोजायचा हक्क माझा आहे, मी त्यांना मोजत नाही."

"हा सूड झाला, मावशी," मास्तर म्हणाले.

"झाला."

कॅबिनात आजही काही जण म्हणतात की ते बरोबर नव्हतं. नसेलही. पण त्या दिवशी तिला उलट उत्तर द्यायला लागणारा हक्क कुणापाशीच नव्हता, आणि तो त्यांनी स्वतःच्या हाताने घालवला होता.

मामाने पाटीवर लिहिलं, एक नंबरवर जाऊन नवा भाग पुसला आणि पाच नंबरपाशी आला.

"थांब मामा," सोराइदा म्हणाली. "तो दिव्यापर्यंत पोचू दे."

सगळे येफरसनच्या मागे उभे राहिले. तो चालत होता. कुणी टोमणा मारला नाही. शेवटच्या दारातून तो आत गेला, दिवा बंद केला आणि पडदा काळा झाल्यावरही तसाच बसून राहिला.

"मी हे कधी बघितलंच नसतं," तो मागे न वळता म्हणाला.

"नसतं बघितलं."

"आणि तरी पुसायचं?"

सोराइदाने त्याच्या खांद्यावरून हात पुढे नेला, माउस मामाच्या बाजूला सरकवला आणि म्हणाली, "ऊठ, मामाला बसू दे."