मामाकडची बटणं

धुळ्यात माझा कपडेपटाचा धंदा आहे. शाळांच्या गॅदरिंगला, मिरवणुकांना, हल्ली तर लग्नाआधीच्या फोटोंनासुद्धा जुन्या काळातली माणसं भाड्याने लागतात. ती माझ्याकडे मिळतात. सरदार असो की सावकार, अंगरखा माझा आणि त्यावरची बटणं भटूभाऊंची. बाजारात बटणं पोत्याने मिळतात, मान्य. पण प्लॅस्टिकची बटणं लावलेला सरदार दिसला की माझं डोकं फिरतं.

भटूभाऊ म्हणजे सत्तरीकडे झुकलेला, काटक आणि तोंडाने फटकळ माणूस. पितळेचा पत्रा गोल कापायचा, लोखंडी ठशाच्या खळग्यात ठेवून ठोकायचा, की इवलीशी वाटी होते. अशा दोन वाट्या तोंडाला तोंड लावून डाख देऊन जोडायच्या, मागे कडी बसवायची. हे काम त्यांच्या वडिलांचं, आबांचं. आबा चांदीची साखळीची बटणं करत. ही बटणं कपड्याला शिवत नाहीत. सदऱ्याला दोन्ही बाजूंनी काजं असतात, त्यांतून ती ओवायची आणि त्यांना जोडणारी बारीक साखळी छातीवर लोंबते. सदरा धुवायला टाकला की बटणं काढून डबीत.

त्यांच्या घरात एक रीत होती. भाच्याच्या लग्नात ही बटणं मामाने द्यायची, आणि मापाबिपाची चौकशी न करता द्यायची. विचारून दिलं ते देणं कसलं, असं आबा म्हणत. त्या काळी गावात सगळ्यांचे सदरे एकाच पद्धतीने शिवले जात, त्यामुळे विचारायला काही कारणही नव्हतं.

भटूभाऊंची पाठची बहीण लिलाबाई जळगावला मेहरूणमध्ये राहायची. साखरेने तिचे आधी डोळे नेले, मग किडन्या. डायलिसिस करून करून बाई अर्धी झाली होती. माघात डॉक्टरांनी तिच्या मुलाला, आकाशला, बाजूला घेऊन सांगितलं की घरात काही कार्य उरकायचं असेल तर लांबवू नका. लग्न चैत्रात धरलं. लिलाबाईने भावाला फोन लावला.

"भाऊ, माले ते काही दिसाव नही," ती म्हणाली. "पन पोऱ्याना छातीवर तुना बटनं हात फिराईसन देखसू. मंग मी गऊ तरी चाली."

त्या दिवसापासून भटूभाऊंनी बाकी सगळं काम बाजूला सारलं. त्यात माझंही होतं. मी कुरकुर केली तर म्हणाले, "तुना सरदार थांबतीन. ती थांबाव नही."

हात कापायला लागले होते त्यांचे. पहिल्या खेपेची चांदीची बटणं वेडीवाकडी झाली, ती आटवून पुन्हा पत्रा केला. पुन्हा ठोकली. मी मधूनमधून जाऊन बसायचो. एकदा सहज म्हटलं, आकाश काय घालणार आहे, ते एकदा विचारून तर घ्या. तर माझ्यावरच उखडले. "मामा शे मी, टेलर नही."

गंमत म्हणजे आकाशने स्वतःहून फोन केला होता. मामा, तुम्ही उगाच करत बसू नका, कपडे ठरलेत, असं तो म्हणाला. भटूभाऊंनी त्याचा अर्थ भाच्याला मामाची काळजी आहे असा घेतला आणि दुप्पट जोमाने कामाला लागले. आता या माणसाला कोण काय सांगणार?

बटणं मात्र अशी उतरली की मी हातात घेऊन उलटसुलट करून बघत राहिलो. सांधा कुठे आहे ते दिसत नव्हतं.

लग्नाच्या दिवशी मीच त्यांना माझ्या गाडीतून जळगावला नेलं. पारोळा गेलं, एरंडोल गेलं, त्यांचा हात काही खिशातल्या डबीवरून हलला नाही. हॉलवर पोचलो तर आकाश तयार होऊन बसलेला. अंगात भाड्याची मखमली शेरवानी. पुढे खालून वरपर्यंत झिपची चेन, आणि ती झाकणाऱ्या पट्टीवर सोनेरी रंगाची प्लॅस्टिकची बटणं टाचलेली. काज एकही नव्हतं.

भटूभाऊंनी डबी उघडली. बटण हातात घेऊन ते त्या पट्टीवर काज शोधू लागले. वरून खाली, मग पुन्हा वर. आकाशला कळलं तसा त्याचा चेहरा पडला.

"मामा, मला वाटलं तुम्ही करणारच नाही," तो म्हणाला.

मी म्हटलं, ब्लेड आणा, मी पाडतो काजं, दुकानदाराचं मी बघतो. पण त्या चेनवर कुठे पाडणार काजं? दोऱ्याने टाचायला गेलो तर जड साखळीने सगळी मखमल खाली ओढली. बाहेर बँडवाले घाई करत होते. "सत्यनारायणाला सदरा घालीन मामा, तेव्हा हीच लावेन," आकाश म्हणाला. मनापासून म्हणाला.

"ऱ्हाऊ दे," भटूभाऊ म्हणाले आणि डबी बंद करून खिशात टाकली.

अक्षता पडल्यावर लिलाबाईची खुर्ची पुढे आणली. तिने मुलाला जवळ बोलावलं. आकाश गुडघ्यावर बसला. तिची बोटं त्याच्या गळ्याशी गेली, पहिल्या बटणावर थांबली. मग खाली सरकली. दोन बटणांच्या मध्ये तिने बोट फिरवलं, साखळी असते तिथे. पुन्हा एकदा फिरवलं. ही बाई बटणं करणाऱ्याची लेक. लहानपणी आबांच्या शेजारी बसून कच्चं बटण, पक्कं बटण ती नुसत्या चिमटीत धरून वेगळं करायची, हे भटूभाऊंनीच येताना गाडीत सांगितलं होतं.

"भटूभाऊ कोठे शे?" तिने विचारलं.

"आठेच शे मी," भटूभाऊ म्हणाले.

"चांगला जमनात भाऊ," ती म्हणाली. "आबाना हातना वाटतस."

भोवतालच्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. बिचारीला कळलं नाही, असं त्या हळूच एकमेकींना सांगत होत्या. भटूभाऊ नुसतं "हा" म्हणाले. लिलाबाई त्यांच्याकडे तोंड करून हसली आणि तिने मुलाच्या छातीवरचा हात काढून घेतला.

सत्यनारायणाच्या पूजेआधीच लिलाबाई गेली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे घरोघर झोके बांधतात, लेकी माहेरी येतात. भटूभाऊंच्या अंगणात झोका नव्हता. ते ठशासमोर बसायचे, पण हातोडी उचलत नसत. एकदा मला म्हणाले, "तो एक 'हा' मी म्हनाले नको व्हता." तिला खरं सांगितलं असतं तर ती रडली असती, आणि दोघं मिळून रडलो असतो, असं काहीतरी बोलत राहिले.

पावसाळा संपता संपता आकाश धुळ्याला आला. मी तिथेच होतो. अंगातला पांढरा सदरा मुद्दाम शिवून घेतला होता त्याने, दोन्ही बाजूंनी काजं पाडून, जुन्या पद्धतीने. मामाच्या पाया पडला आणि म्हणाला, "मामा, बटणं लावा. आईसाठी."

भटूभाऊंनी सदरा बघितला. काजांवरून बोट फिरवलं, शिवण चांगली आहे म्हणाले. मग मान हलवली.

"त्या तुनाकरता नव्हतात रे भाऊ," ते म्हणाले. "तिना हातकरता व्हतात."

आकाश तसाच उघड्या गळ्याने मामाजवळ बसून राहिला.