स्वयंपाकघरातली जपानी

काकूंना मी पहिल्यांदा पाहिलं ते चहाच्या ट्रेसकट. निवृत्तीनंतर डोक्याला गंज चढू नये म्हणून आमच्याच गल्लीतल्या जपानीच्या वर्गात मी नाव घातलं होतं. सरांच्या घराची पुढची खोली म्हणजे वर्ग. एक फळा, काही प्लॅस्टिकच्या खुर्च्या, आणि फळ्याला लागूनच स्वयंपाकघराचं दार. दारावरचा निळा पडदा बाजूला झाला, ट्रे पुढे आला आणि त्यामागून एक किरकोळ बाई ठसक्यात म्हणाली, "ओइ, चा दा झो!"

वर्ग खो खो हसला. मागच्या रांगेतली दोन मोठी मुलं तर खुर्चीतून पडायच्या बेतात होती. सरही हसले. काकूही हसल्या, अगदी मनापासून, एखाद्या पोरीला कविता पाठ म्हटल्यावर शाबासकी मिळावी तशा. मी नवी होते. मला वाटलं, किती मोकळं घर आहे!

मी त्यांच्याहून वीसेक वर्षांनी मोठी, पण सगळा वर्ग काकू म्हणतो म्हटल्यावर मीही काकूच म्हणू लागले. त्या मला बाई म्हणत.

सर तरुणपणी तिकडे जपानात जहाजांच्या कारखान्यात वेल्डर होते. बरीच वर्षं राहिले. परत आले ते भाषा घेऊनच, आणि मग परीक्षाही दिल्या. शिकवायचे उत्तम, हे मी शिक्षिका म्हणून सांगते. अक्षर सुंदर, समजावण्याची हातोटी. फक्त एखाद्याचं चुकलं की त्याची चूक ते दिवसभर पुरवून पुरवून खायचे.

काकू दुपारी वर्ग झाला की फळा पुसायच्या. पुसता पुसता फळ्यावरचं वाचायच्या. एकदा मी विचारलं, "काकू, तुम्हीपण शिकता की काय?"

"मला ह्यांनी वेगळं शिकवलंय," त्या आवाज खाली आणून म्हणाल्या. "वर्गात शिकवतात ती पुस्तकी भाषा. ती पोरांना परीक्षेपुरती. खरी भाषा ह्यांनी मला शिकवली. स्वयंपाक करता करता. ह्यांचं म्हणणं, पुस्तकातलं बोलली तर लहान पोरीसारखी वाटशील."

"मग तुमचं बरंच पुढे गेलेलं दिसतंय."

"घरात आम्ही तेच बोलतो ना," म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी नव्या नवरीच्या चेहऱ्यावर पाहिलेलं आहे. लग्नाला तेव्हा त्यांच्या सतरा वर्षं झाली होती. मूलबाळ नाही. सर त्यांच्याशी गोड म्हणून बोलायचे ते तेवढंच, त्या भाषेत. मराठीत त्यांच्या वाट्याला "मीठ कुठंय" आणि "अक्कल कुठंय" एवढंच यायचं.

पुढे माझ्या गुडघ्यांनी संप पुकारला आणि माझा वर्ग सुटला. पण काकू भाजी आणायला निघाल्या की माझ्याकडे डोकवायच्या. अशाच एकदा धापा टाकत आल्या. जपानातल्या वृद्धाश्रमांत कामाला जाणाऱ्या मुलींना तयार करणारं एक केंद्र आमच्याच भागात उघडत होतं. त्यांना शिक्षिका हवी होती, बाईच हवी होती. पदवीची अट नव्हती, बोलता आलं पाहिजे एवढंच.

"बाई, मला फळ्यासमोर उभं राहायचंय. पुसायला नाही." एवढं बोलून त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"सरांना विचारलंत?"

"विचारलं. म्हणाले, जा की. माझी शिकवणी कशी आहे ते कळू दे लोकांना."

सर स्वतः आले नाहीत. सोबत मी गेले. काठी टेकत का होईना, जिना चढले.

टेबलापलीकडे तिकडच्या वृद्धाश्रमाच्या एक प्रमुख बाई बसल्या होत्या, पांढरे केस, अतिशय नीटनेटक्या. शेजारी केंद्राचा दुभाष्या. मला कोपऱ्यातली खुर्ची मिळाली. काकूंनी वाकून नमस्कार केला आणि आपली ओळख करून दिली. "मी" म्हणायला त्यांनी "ओरे" म्हटलं. मी शिकलेला शब्द "वाताशी" होता. मनात म्हटलं, हीच ती खरी भाषा असणार. प्रमुख बाईंच्या भुवया जराशा वर गेल्या, इतकंच.

मग त्यांनी काही विचारलं. दुभाष्याने आमच्यासाठी मराठीत सांगितलं, "समजा एक आजोबा जेवायला नाही म्हणतायत. तुम्ही मुलींना काय बोलायला शिकवाल?"

काकूंना दुभाष्याची गरज नव्हती. त्यांनी मान ताठ केली आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "ओइ, जिजी! मेशी कुए!"

प्रमुख बाईंनी तोंडावर हात ठेवला. आधी वाटलं, शिंक आली. मग त्यांचे खांदे हलायला लागले. दुभाष्या तरुण होता, त्याला आवरलंच नाही. तो टेबलावर डोकं टेकून हसला.

काकूही हसल्या. सवयच होती ना. कुणी हसलं की आपलं छान झालं, असंच त्यांना माहीत होतं.

"कुठं शिकलात हो हे?" डोळे पुसत दुभाष्याने विचारलं.

"मिस्टरांकडे. का? चुकलं काही?"

"चुकलं नाही, व्याकरण पक्कं आहे. पण ‘ए थेरड्या, गिळ आता’ असं म्हणालात तुम्ही. हे गोदीतले हमाल एकमेकांत बोलतात. बाईच्या तोंडून मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं." प्रमुख बाई काहीतरी हळूच बोलल्या. तो म्हणाला, "त्या म्हणतात, आमचे म्हातारे घाबरून मरतील."

काकूंच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. दिवा घालवल्यावर तार थोडा वेळ लाल राहते, तसं ते राहिलं. मग त्यांनी विचारलं, "आणि ‘ओइ, चा दा झो’?"

"‘ए, चहा आलाय रे!’" तो पुन्हा फुटला.

रस्ताभर त्या माझा दंड घट्ट धरून चालल्या. मी पडू नये म्हणून की त्या स्वतः पडू नयेत म्हणून, सांगता येत नाही. घरी सर वर्तमानपत्र वाचत होते.

"मग? लागली का नोकरी?" त्यांनी पेपर खाली केला. माझं तोंड बघूनच त्यांना सगळं कळलं असावं, कारण ते गदगदून हसायला लागले. "अगं, गंमत होती ती! मला वाटलं, आज ना उद्या तुझ्या लक्षात येईल. इतक्या बॅचा आल्या गेल्या. शेंबड्या पोरांना कळलं, तुला नाही?"

"ती मुलं मला हसायची?"

"मग काय चहाला हसायची?"

"मीपण हसायचे," काकू म्हणाल्या.

"म्हणून तर जास्त मजा यायची!"

मी म्हटलं, "सर, सतरा वर्षं?" ते म्हणाले, "बाई, नवरा-बायकोतली थट्टा आहे, तुम्ही कशाला मनावर घेता? बसा, चहा घ्या." आणि आतल्या दिशेने हाक मारली, "ओइ!"

चहा आला. काही न बोलता आला.

त्या दिवसापासून काकूंच्या कानात इअरफोन असायचे. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना, फळा पुसताना. फोनवर जपानी म्हाताऱ्यांच्या गप्पा लावून त्या ऐकत आणि ओठांतल्या ओठांत म्हणत. घरात जपानी बंद, मराठीही कामापुरती. सर सुरुवातीला चिडवायचे, "मौनव्रत का?" मग ओरडायचे. मग त्यांना कंटाळा आला.

पुढच्या वर्षी त्याच टेबलापुढे त्या पुन्हा बसल्या. मी नव्हते. लागली नोकरी, एवढं सांगायला आल्या आणि माझ्या हातावर साखर ठेवून गेल्या. मुलींना बाईच शिकवते म्हटल्यावर सरांकडे येणाऱ्या मुलीही तिकडे गेल्या. त्यांच्यामागे मुलंही पांगली. वर्षा-दोन वर्षांत सरांच्या फळ्यावर घरातल्या सामानाची यादी लिहिलेली दिसू लागली.

परवा त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर गुडघ्याच्या व्यायामाला गेले होते. वेळ होता म्हणून वर जाऊन काकूंच्या वर्गात मागे बसले. फळ्यावर माणसांची चित्रं लावलेली. काकूंचा आवाज आता मऊ झालाय, वाक्याची टोकं कशी घडी घातल्यासारखी. "मुलींनो, अनोळखी पुरुषाबद्दल आदराने बोलायचं तर ‘दान्सेई’. साधं बोलायचं तर ‘ओतोको नो हितो’. नुसतं ‘ओतोको’ कधी म्हणायचं नाही. तिकडच्या बातम्यांत पकडलेल्या चोराला तसं म्हणतात. आणि आपल्या नवऱ्याला?"

"ओत्तो!" मुली ओरडल्या.

वर्ग संपत आला तेव्हा सर दारात येऊन उभे राहिले. काकूंना स्कूटर येत नाही, न्यायला तेच येतात. केस पार पिकलेत. हातात काकूंची छत्री. एका नव्या मुलीने जपानीत विचारलं, हे कोण?

काकूंनी दाराकडे पाहिलं. फळा पुसत, मऊ आवाजात म्हणाल्या, "ओतोको देसु."

वर्ग खो खो हसला. नुकताच शिकलेला शब्द लगेच कानावर पडला, हसणारच पोरी. सरही हसले. त्यांना शब्द कळला होता, वर्गात सगळ्यांत जास्त त्यांनाच, तरी ते हसले आणि छत्री या हातातून त्या हातात घेत राहिले. काकूंच्या तोंडाकडे मी पाहिलं. त्या हसत नव्हत्या.

हल्ली सर दारात येत नाहीत. खाली जिन्याशी स्कूटरवर बसून असतात, आणि काकू उतरल्या की गाडी सुरू करतात.