भावडबारीत थांबलेली मोटारसायकल

कोल्हापूर सोडताना टेम्पोवाल्या बशीरभाईंनी हौद्यात दोन जुन्या गाद्या आणि दोरखंड टाकला. "गाडी घेऊनच यायची म्हणा की मालक," ते हसून म्हणाले. मी मात्र अजून काहीच ठरवलं नव्हतं. उद्यमनगरात माझं लहानसं वर्कशॉप आहे आणि जुन्या मोटारसायकलींचं वेड तरुणपणापासूनचं. मोबाइलवर एक जाहिरात आली होती: नाशिकला दुर्मिळ जुन्या गाड्या विकायच्या आहेत, स्वतः येऊन बघणे. सोबतच्या फोटोत एक लष्करी विलायती गाडी होती. पुढच्या चाकाच्या काट्याला एकच जाड स्प्रिंग, लांबुळकी टाकी, वर फिकट हिरवा रंग. असली गाडी मी फक्त चित्रात पाहिली होती.

नाशिकला पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. अंबडच्या एका गल्लीत पत्र्याची शेड होती. मालक देवरे आण्णा दारातच उभे होते. कारखान्यातून निवृत्त झालेले, कमी बोलणारे गृहस्थ. आत अंधार होता आणि तेलाचा वास. डोळे सरावले तेव्हा दिसलं, गाड्या एका ओळीत भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या.

"अशा उलट्या का लावल्यात?" मी विचारलं.

आण्णांनी सरळच सांगितलं, "या प्रत्येक गाडीवर कोणी ना कोणी अपघातात गेलंय. घरचे अशी गाडी दारात ठेवत नाहीत, भंगारात देतात. मी आणल्या, चालू केल्या. न सांगता विकायची नाही असं मी ठरवलंय. सांगितलं की गिऱ्हाईक परत फिरतं."

बशीरभाई एक पाऊल मागे सरकले. मी हिरव्या गाडीकडे गेलो आणि दचकलो. गाडीपलीकडे, पाटावर, एक म्हातारी बसली होती. हात टाकीवर टेकलेला, जसं आजारी माणसाच्या उशाशी बसावं तशी. आम्ही आत आलो तरी ती हलली नव्हती.

"ही दिलीपची आई," आण्णा म्हणाले. "गाडी बघायला कोणी यायचं असलं की मी तिला कळवतो. सगळे हिला माय म्हणतात."

गाडी तिच्या सासऱ्यांनी देवळालीच्या लष्करी लिलावातून आणलेली. पुढे ती नातवाकडे, दिलीपकडे आली. सटाण्याच्या अलीकडे, गिरणेकाठी त्यांचं गाव. एका संध्याकाळी नाशिकहून परतताना भावडबारी घाटातल्या वळणावर दिलीप गेला. लग्न व्हायचं होतं. त्याला बरीच वर्षं झाली.

आण्णांनी किक मारली. धप्, धप्, धप्... सावकाश, खोल, जमिनीतून येणारा आवाज. पत्रे थरथरले. मायने डोळे मिटले. गाडी बंद झाल्यावरही बराच वेळ तिने ते उघडले नाहीत.

मग ती माझ्याकडे वळली. "भाऊ, गाडी न्या. माझं कायबी म्हणणं नाय. फक्त एक करा. बारीतल्या त्या वळणापासून माझ्या दारापर्यंत ती चालवत आणा. एकदाच."

एका आईच्या दुःखाशी हा खेळ होईल असं मला वाटलं. तसं मी अडखळत म्हणालोही.

"मी येडी नाय भाऊ," ती शांतपणे म्हणाली. "माझा पोरगा मेला, ते मला माहीत हाय. पण तो घरी आला नाय. त्याला आणला. झाकून आणला."

मी होकारार्थी मान हलवली.

आण्णांशी व्यवहार उरकून गाडी टेम्पोत चढवली. माय पुढे खिडकीत बसली, मी मधे, बशीरभाईंशेजारी. ओझर, पिंपळगाव मागे पडलं. द्राक्षांचा हंगाम संपत आलेला, बागा रिकाम्या वाटत होत्या. डावीकडे धोडपचा सुळका बराच वेळ आमच्यासोबत चालत राहिला. फाट्यावर शेवभाजी मागवली. रस्सा इतका तिखट की बशीरभाईंसारख्या कोल्हापूरकराच्या डोळ्यांतही पाणी आलं. मायने काही खाल्लं नाही. "घरी गेल्यावर," एवढंच म्हणाली.

भावडबारीत पोचलो तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. तिने बोट दाखवलं तिथे टेम्पो थांबला. एक साधं वळण. कठडा, बाभूळ, दगडाला लावलेला जुना शेंदूर. वारा पडलेला. गाडी उतरवून दिली आणि टेम्पो मायला घेऊन पुढे गेला. गावची वाट सोपी होती, ती मला समजावून दिली होती.

मी हेल्मेट चढवलं, काळी काच खाली घेतली. पहिल्या किकलाच गाडी सुरू झाली. गिअर टाकला, क्लच सोडला आणि मागच्या गादीच्या स्प्रिंगा करकरल्या. कोणीतरी बसावं तशी गाडी मागून किंचित दबली. खड्डा असेल, मी स्वतःला सांगितलं. पण तिथला रस्ता सपाट होता. मागे वळून पाहायचं धाडस झालं नाही, खोटं कशाला बोलू. गाडी मात्र न चुकता, एका लयीत घाट उतरू लागली.

देवळा गाव मागे टाकून मी गावच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना कांदा साठवायच्या चाळी, मधे अरुंद डांबर. माझ्याआधी आवाज पोचत होता, हे हळूहळू लक्षात आलं. एका शेतात कांदा काढणाऱ्या बाया कमरेत वाकलेल्या होत्या, त्या एकेक करून सरळ झाल्या. एकीने पदर तोंडाला लावला.

गावात शिरलो आणि तसंच घडत गेलं. दारं उघडत होती. माणसं ओट्यांवर येऊन उभी राहत होती, हातातलं काम हातातच ठेवून. धप् धप् सोडून सगळीकडे शांतता. पारावर माझ्याच वयाचा एक माणूस बसला होता. तो उठला, त्याने हात वर केला, जुन्या मित्राला करतात तसा. मग तो हात तसाच हवेत राहिला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. काचेआडचं माझं तोंड त्याला दिसत नव्हतं.

तेव्हा मला कळलं. या गावात भूत शोधायला मागे वळायची गरज नव्हती. ते मीच होतो.

माय दारात उभी होती. नवं लुगडं नेसलेली, हातात पाण्याचा तांब्या आणि भाकरतुकडा. गाडी थांबवली. तिने तुकडा माझ्यावरून ओवाळून टाकला. मग दुसरा घेतला आणि माझ्या पाठीमागच्या मोकळ्या गादीवरून ओवाळला. ती माझ्याकडे पाहत नव्हतीच.

"ऊना का रे दिल्या?" ती अहिराणीत म्हणाली. "कितला येळ लाया!" (आलास का रे? किती वेळ लावलास!)

तिने दाराच्या एका बाजूला होऊन वाट दिली. क्षणभर थांबली, कोणी आत जाईपर्यंत थांबावं तशी. मग तिथेच उंबऱ्यावर बसली आणि मोठ्याने रडली. शेजारची एक बाई मला हळूच म्हणाली, "त्या वक्ताला डोळ्यातून टिपूस नव्हतं काढलं तिनं."

रात्री तिने बाजरीची भाकरी आणि ठेचा आमच्यासोबत पोटभर खाल्ला. सकाळी गाडी हौद्यात बांधत होतो तेव्हा ती ओसरीवर कांदे निवडत होती. गाडीकडे तिने एकदाच पाहिलं. "न्या भाऊ. आता ती नुसती गाडी हाय."

परतीच्या वाटेवर पुणं ओलांडल्यावर बशीरभाई म्हणाले, "मालक, टेम्पोच्या आरशातनं मी बघितलंय. बारीतनं निघताना तुमच्या मागं कोण नव्हतं." आणि थोड्या वेळाने, "मला तरी दिसलं न्हाई."

मी हा प्रवास लिहून ठेवला, कारण जुन्या गाड्या जमवताना मी आजवर लोखंड पाहत आलो. त्या गाडीचा आवाज कुणाच्या तरी घरात रोज वाट पाहत ऐकला जात असेल, हे कधी मनातच आलं नव्हतं.

कोल्हापूरला घराजवळच्या कोपऱ्यावरच गाडी उतरवून घेतली आणि चालवत घरी आलो. अंधारून आलं होतं. फाटकापाशी इंजिन सुरू ठेवूनच उभा राहिलो. रोज माझ्या गाडीच्या आवाजाने माझी बायको सुनंदा दिवा लावून बाहेर येते. आज या अनोळखी आवाजाला दिवा लागला नाही. बऱ्याच वेळाने खिडकीचा पडदा हलला आणि तिचा आवाज आला, जरा घाबरलेला,

"कोण आहे?"

मी इंजिन बंद केलं आणि हेल्मेट काढलं.