कुर्डूचा तुरा

कामावरून दमून आलो की मी कालव्याच्या कडेनं चालतो आणि पाखरांचे, रानफुलांचे फोटो काढतो. काल आईला कुर्डूचा गुलाबी तुरा दाखवला, शास्त्रीय नावही सांगितलं. घरातला पहिला पदवीधर आहे, एवढा तोरा चालतो.

"हे तर तण," आई म्हणाली. "जन्मभर दुसऱ्याच्या रानात हेच खुरपलं मी."

"मग इतकं सुंदर असतं, कधी बोलली नाहीस?"

"खुरपताना मुळाकडं बघायचं असतं, बाबा. फुलाकडं बघत बसलं की मुकादम ओरडायचा."

मग तिनं फोटो मोठा करायला लावला आणि बराच वेळ पाहिला.

आज कालव्यावर तोच तुरा वाऱ्यात डुलत होता. आईला इथं आणायला हवं. पण ज्या गुडघ्यांच्या जोरावर मी शिकलो, ते आता उंबऱ्यापुढं जात नाहीत.