नाव नसलेला वाडगा

प्रबोध केळुसकरच्या कचेरीतून कोण जाणार हे आधी दोघांना कळतं. एक, ज्याने ते ठरवलं त्याला; दुसरं, प्रबोधला. ज्याला जायचं असतं त्याचा नंबर तिसरा.

याला कारण चांदी. बॉस्टनच्या एका सागरी विमा कंपनीच्या सिंगापूर कचेरीत प्रबोध ॲडमिन मॅनेजर आहे, आणि या कंपनीत निरोप घेणाऱ्या प्रत्येकाला चांदीचा वाडगा देण्याची जुनी चाल आहे. माणूस निवृत्त झालेला असो, राजीनामा दिलेला असो, की एका सकाळी त्याच्या कार्डाने दार उघडेनासं झालेलं असो, वाडगा चुकत नाही. तो मागवायचा, त्यावर अक्षरं कोरून घ्यायची आणि वेळेवर हजर ठेवायचा, हे प्रबोधचं काम. त्यामुळे लिफ्टमध्ये त्याने कोणाकडे जरा मायेने पाहिलं, तरी तो माणूस जागेवर जाऊन आपला बायोडेटा शोधू लागतो.

चालीचं मूळ रिसेप्शनच्या काचेच्या कपाटात आहे. तिथे चांदीचा, पाण्याचा एक भला मोठा जग ठेवलाय. कंपनीचे मूळपुरुष कॅप्टन इलायस थॉर्न यांना तो एकोणिसाव्या शतकात मिळाला. त्या काळी अमेरिकेत हा प्रघातच होता. बुडता बुडता बंदराला लागलेल्या जहाजाच्या कप्तानाला विमेवाले चांदी द्यायचे, गल्ली आगीतून वाचवणाऱ्या बंबवाल्यांना गावकरी द्यायचे. आणि त्या चांदीवर नुसतं नाव नसे, प्रसंग असे. काय झालं, कोणी निभावलं, कोण आभारी आहे. थॉर्नसाहेबांच्या जगाच्या पोटावर लाटा उठवल्यात, लाटांवर डोलकाठी मोडलेलं जहाज आहे, आणि खाली लिहिलंय की 'मेरी ऑल्कॉट' हे जहाज तुफानातून माल आणि माणसांसह सुखरूप आणल्याबद्दल, विमेवाल्यांकडून. माल आधी आणि माणसं नंतर, हा क्रम प्रबोधला सुरुवातीला खटकला होता. विमा कंपनीत मुरल्यावर खटकेनासा झाला.

आजच्या वाडग्यावर प्रसंग नसतो. 'केलेल्या सेवेबद्दल कृतज्ञतापूर्वक', खाली नाव, खाली वर्षं. सेवा थांबली का आणि थांबवली कोणी, हे कोरायला जागा पुरत नाही, असं बॉस्टनचं म्हणणं. चांदीही आता मुलाम्याची. घाट तेवढा अस्सल. अमेरिका स्वतंत्र होण्याआधी, इंग्लंडच्या राजाने मागे घ्यायला सांगितलेलं एक पत्र मागे न घेणाऱ्या तिथल्या लोकप्रतिनिधींच्या सन्मानार्थ बॉस्टनच्या एका कारागिराने वाडगा घडवला होता, त्याची ही नक्कल. हुकूम न मानणाऱ्यांसाठी घडवलेला हा घाट आता, हुकूम आला की निमूट निघणाऱ्यांच्या हाती देतात.

या परंपरेत प्रबोधने स्वतःची एकच भर घातली आहे. मालवणला त्याच्या आईचा दंडक होता: रिकामं भांडं कोणाच्या हातात द्यायचं नाही. शेजारणीची वाटी परत करायची तरी साखर घालून. सिंगापुरातला पहिला वाडगा द्यायची वेळ आली तेव्हा तो रिकामा दिसवेना, म्हणून त्याने पँट्रीतून मूठभर साखर आणून त्यात घातली. कोणी काही विचारलं नाही. चिनी सहकाऱ्यांना वाटलं ही अमेरिकन पद्धत, बॉस्टनला वाटलं ही सिंगापूरची, आणि अक्षरं कोरणाऱ्या हौगांगच्या मिस्टर को यांची समजूत अशी की विमेवाल्यांचं काही तरी असतं. सगळ्यांनी एकमेकांच्या संस्कृतीचा मान राखला, आणि साखर रुजली.

ऑगस्टातल्या एका सोमवारी बॉस्टनच्या एचआर बाईंचा फोन आला. एक वाडगा हवा, शुक्रवारपर्यंत. नाव मागाहून कळवू.

नाव मागाहून येण्याची ही पहिलीच वेळ. प्रबोधने विचार केला तेव्हा त्याला याचे दोन अर्थ दिसले. एक म्हणजे नाव अजून ठरलेलं नाही. दुसरा म्हणजे नाव ठरलंय, पण वाडगा मागवणाऱ्याला ते सांगायचं कसं हे ठरलेलं नाही. सुज्ञ माणसाने पहिला अर्थ धरला असता.

प्रबोधने दुसरा धरला, त्याला कारणं होती. कंपनीच्या इतर कचेऱ्यांतलं ॲडमिनचं काम एकेक करून मनिलाला गेलं होतं. आणि नोकरी गेली की मागोमाग एम्प्लॉयमेंट पास जातो, त्याला लोंबकळणारे बायको-मुलीचे पास जातात, आणि महिनाभरात चंबूगबाळं आवरावं लागतं. मुलगी चैत्राली ओ लेव्हलला, म्हणजे तिथल्या दहावीला होती. पेपर ऑक्टोबरात. पहिलीपासून इथे शिकलेली पोर परीक्षेच्या तोंडावर उचलून भारतात कुठल्या वर्गात बसवायची? नोकरी जायची तर जाऊ दे, पण परीक्षा झाल्यावर, इतकंच त्याचं मागणं होतं. ते मागायचं कोणाकडे, हे कळत नव्हतं.

कोरा वाडगा घेऊन तो मिस्टर कोंकडे गेला. ते म्हणाले, "नो नेम, हाऊ टु डू?" आणि वाडगा परत दिला. म्हणून वाडगा प्रबोधच्या सेंगकांगच्या फ्लॅटमध्ये आला.

बायकोने, अनघाने, पिशवीत डोकावून पाहिलं. "कोणाचा?"

"नाव यायचंय."

"म्हणजे?"

"म्हणजे यायचंय."

नवऱ्याच्या आवाजावरून तिला हवामान कळतं. तिने वाडगा देवांशेजारी ठेवला, रिकामा नको म्हणून त्यात साखर घातली, आणि दुसऱ्या दिवशी तेलाचा नेहमीचा मोठा कॅन न आणता छोटी बाटली आणली. प्रबोधने बाटली पाहिली.

"पुण्यात ॲडमिशनचं काय असतं रे?" संध्याकाळी ती सहज विचारल्यासारखं म्हणाली.

"मला काय माहीत."

"विचारून ठेवायला काय जातं?"

"विचारलं की खरं होतं."

"बाबा, रिलॅक्स लाह," चैत्राली पुस्तकातून डोकं न काढता म्हणाली. "यू ऑलवेज लाइक दॅट." मग उठून तिने वाडग्यातली साखर चिमटीने तोंडात टाकली. "व्हूज धिस?"

"ठेव ते," आईबाप एकदम म्हणाले, आणि पोरीने पहिल्यांदा दोघांकडे नीट पाहिलं.

कचेरीत प्रबोध माणसांचे चेहरे वाचू लागला, आणि चेहरे वाचणाऱ्या माणसाला दिसतं तेच त्याला दिसलं, म्हणजे सगळीकडे वाईट. बॉस्टनचा नवा डायरेक्टर व्हिडिओ कॉलवर त्याला नावाने हाय म्हणाला. हे आजवर झालं नव्हतं. आयटी सांभाळणारा रुचिर, मूळचा पुण्याचा, त्याला विचारत आला, "सर, तुमच्या लॅपटॉपचा बॅकअप घेऊन ठेवू का?" रुचिरला मदत करायची हौस आहे, कोणी मागितली नसली तरी. प्रबोधने विचारलं, "तुला कोणी सांगितलं?" रुचिर म्हणाला, "कोणी नाही, असंच." असंच या शब्दावर प्रबोधने अर्धा दिवस काढला.

गुरुवारी दुपारी कचेरीची प्रमुख क्षिप्रा दामले त्याच्या टेबलाशी आली. "केळुसकर, चला, कॉपी पिऊ." कॉपी म्हणजे इथली कॉफी. इंग्रजीत प्रबोध तिला क्षिप्रा म्हणतो, मराठीत मॅडम. आज ती मराठीत बोलली, म्हणजे काम गंभीर होतं.

खालच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉलांच्या गर्दीत, प्रबोधने इथल्या रिवाजाप्रमाणे टिश्यूचं पाकीट टाकून टेबल अडवलं. क्षिप्रा दोन कॉपी घेऊन आली, बसली, आणि म्हणाली, "वाडग्याचं नाव आलंय. लिहून घ्या."

प्रबोधने पेन काढलं. कागद नव्हता, म्हणून टिश्यूचं पाकीट पुढे ओढलं.

"क्षिप्रा दामले."

त्याने 'क्षि' लिहिलं आणि थांबला.

"अहो लिहा ना. स्वतःचं नाव ऐकल्यासारखा चेहरा काय करताय?"

"मला तेच वाटलं होतं."

"बरोबर वाटलं होतं." तिने कॉपीत चमचा फिरवला. "एक नाव द्या म्हणाले. सपोर्टमधलं. सपोर्टमध्ये आहात कोण? तुम्ही आणि रुचिर. मी आठवडाभर टोलवाटोलवी केली. मग त्यांना म्हटलं, माझ्या एका पगारात हे दोघं बसतात आणि वर सुटे उरतात. त्यांना गणित पटलं. इतकं पटकन पटलं की मलाच वाईट वाटलं."

प्रबोधने 'क्षि'च्या पुढचं नाव पुरं केलं.

"आता थोर वगैरे समजू नका मला. पुण्यात आईचे गुडघे गेलेत, तिला माणूस हवंय. नव्या डायरेक्टरला रोज गुड मॉर्निंग म्हणायचा मला कंटाळा आलाय. आणि राजीनामा दिला तर नुसता वाडगा मिळतो, काढलं तर वाडगा आणि पॅकेज. चैत्रालीची परीक्षा कधी?"

"ऑक्टोबरात सुरू."

"तोवर तुम्हाला हात लावणार नाहीत, एवढं बोलून घेतलंय. पुढचं मला माहीत नाही, खोटं सांगत नाही. आणि हे इथेच ठेवा. नावं कोणाची होती ते मी फोडलं, हे बॉस्टनला कळलं तर माझं पॅकेज जाईल आणि तुमचा ऑक्टोबरही."

थँक यू म्हणायला हवं होतं. प्रबोध म्हणाला, "साखर घालीन."

"घाला," क्षिप्रा म्हणाली. "जास्त नको. डायबेटिस आहे घरात."

वर गेल्यावर तो रिसेप्शनच्या कपाटातल्या चांदीच्या जगापाशी थांबला. माल आणि माणसांसह सुखरूप आणल्याबद्दल. विमेवाल्यांना निदान काय झालं ते लिहायची लाज वाटली नव्हती. कचेरी सुटल्यावर त्याने घरून वाडगा घेतला आणि हौगांग गाठलं.

"सेम वर्डिंग?" मिस्टर कोंनी विचारलं.

"सेम. आणि एक ओळ खाली, बुडाला."

"बॉटम? नोबडी सी, लाह."

"म्हणूनच," प्रबोध मराठीत म्हणाला, आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलेला कागद पुढे केला. मिस्टर कोंनी तो उलटसुलट फिरवून पाहिला. कुठली बाजू वर, म्हणून विचारलं. प्रबोधने शिरोरेघ दाखवली.

मशीन थांबलं आणि त्याच क्षणी त्याला पश्चात्ताप झाला. कोरलेलं पुसता येत नाही. घासलं तर मुलामा जातो आणि खालचं पितळ दिसतं.

घरी त्याने अनघाला सगळं सांगितलं. ती खुर्चीत बसली. म्हणाली, "आपल्याला आत्ता आनंद झाला ना रे?"

"झाला."

"बरं नाही दिसत ते."

"दिसतंय कोणाला?"

"बुडाला काय लिहिलंस?"

त्याने वाचून दाखवलं: 'एक नाव मागितलं असता स्वतःचं दिल्याबद्दल. ज्याचं दिलं नाही, त्याच्याकडून.'

अनघाने वाडगा हातात घेतला, उलटा करून पाहिला, परत सुलटा केला. "छान आहे. पण कोणी वाचलं तर?"

"मॅडम सोडल्या तर मराठी वाचणारा एकच आहे. रुचिर."

"मग?"

"मग तो भाषांतर करील. लगेच."

शुक्रवारी सगळे मोठ्या खोलीत जमले. भिंतीवरच्या पडद्यावर बॉस्टन होतं. एका कचेरीची प्रमुख जात असल्यामुळे डायरेक्टर स्वतः बसले होते, आणि त्यांच्यामागे शेल्फवर चांदीची भांडी ओळीने मांडलेली होती. प्रबोधला ती आवडली नाहीत. चांदीचा शौकीन माणूस भांडं आधी उलटं करतो.

डायरेक्टर कृतज्ञतेवर बोलले. क्षिप्राने प्रबोधच्या हातून वाडगा घेतला. साखर आज नेहमीपेक्षा बरीच जास्त होती. डायबेटिसचं त्याच्या लक्षात होतं, पण हात थांबला नव्हता. टाळ्या झाल्या. रुचिर फोटो काढायला अगदी जवळ सरकला.

"क्षिप्रा," पडद्यावरून आवाज आला, "जरा उलटा करून दाखव ना. कारागिराचा शिक्का मला बघायचाय."

प्रबोधने खुर्चीची पाठ धरली. मॅडमना सांगायला हवं होतं, हे त्याला आत्ता कळलं. रुचिर मदतीला पुढे झाला. "मी धरतो ना, मॅडम."

क्षिप्राने प्रबोधकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर सगळा ऑक्टोबर होता. वाडग्याच्या बुडाखाली तिने तळहात सपाट धरला, आणि तिची बोटं तिथल्या खाचांवर क्षणभर थांबली.

"नाही जमणार," ती पडद्याकडे वळून इंग्रजीत म्हणाली. "साखर सांडेल. आमच्याकडे ती सांडणं अशुभ मानतात."

"अर्थात, अर्थात," डायरेक्टर घाईने म्हणाले. "सिंगापूरची परंपरा. माफ कर." खोलीतल्या चिनी सहकाऱ्यांनी, ही परंपरा अमेरिकन आहे हे ठाऊक असूनही, आदराने माना डोलावल्या.

वाडगा सुलटाच घरी गेला.

सोमवारी पुन्हा बॉस्टनचा फोन आला. त्याच बाई. बाई म्हणाल्या, डायरेक्टरना साखरेची पद्धत फार भावली, सगळ्या कचेऱ्यांच्या नियमावलीत घालायची आहे, तर प्रमाण किती?

"मूठभर," प्रबोध म्हणाला.

"कोणाच्या मुठीने?"

त्याने लेखी कळवतो म्हणून सांगितलं. बाई म्हणाल्या, सावकाश, ऑक्टोबरपर्यंत चालेल. ऑक्टोबर हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकून तो पुन्हा अर्धा दिवस काळजीत पडला.

आठवड्याने, सेंगकांगला एलआरटी ट्रेनमध्ये उभा असताना, क्षिप्राचा पुण्याहून निरोप आला. फोन काढताना, सवयीने, त्याने आधी पाठवणाऱ्याचं नाव दोनदा वाचलं.

'साखर संपली. वाचलं.'